आपल्यासारख्यांशी व्यापार

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला आणि आपल्याकडे एक जुनाच सल्ला नव्या उत्साहाने दिला जाऊ लागला : दुसऱ्या बाजारपेठा शोधा. आफ्रिका आहे, लॅटिन अमेरिका आहे, आग्नेय आशिया आहे. सल्ला देणाऱ्यांचा सूर असा, की ही खंडे जणू परवापरवाच नकाशावर उमटली आहेत. इकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधून निघालेल्या मोटरसायकली कितीतरी वर्षे नायजेरियातल्या रस्त्यांवर धावत आहेत. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव झालेला कांदा ढाक्यातल्या आणि क्वालालंपूरमधल्या स्वयंपाकघरांत पोचतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांच्या गोळ्या आफ्रिकेतल्या सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीच्या रुग्णांना मिळतात. एका विकसनशील देशाने आपल्यासारख्याच देशांना काय विकले, ते का विकले गेले, आणि हाती आलेली गिऱ्हाइके कुठे आपल्याच करणीने दुखावली, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

आकडे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांचा अडथळा होणार नाही. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हा हिशेब वाचताना सतत लागेल.) त्यातला ८६ अब्जांहून अधिक किमतीचा, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा, एकट्या अमेरिकेने घेतला. चीनकडून आपण ११३ अब्जांचा माल आणला आणि त्यांना जेमतेम १४ अब्जांचा विकला. आफ्रिका खंडाशी आयात-निर्यात मिळून २०२२-२३ मध्ये १०० अब्जांच्या जवळपास व्यवहार झाला. म्हणजे उगवत्या अर्थव्यवस्थांशी आपला व्यापार थोडाथोडका नाही, पण तो एकसारखाही नाही. चीनसमोर आपण गिऱ्हाईक आहोत, आफ्रिकेत विक्रेतेही आहोत आणि गिऱ्हाईकही, ब्राझील कधी भागीदार असतो तर कधी साखरेच्या भांडणातला तक्रारदार. या सगळ्यांना एका नावाखाली कोंबण्याची सवय वित्तसंस्थांनी लावली. व्यापाऱ्याला ती परवडत नाही.

निर्यातीच्या आकड्यात जामनगरसारख्या ठिकाणी शुद्ध केलेल्या तेलाचा आणि सुरतेत पैलू पाडलेल्या हिऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्या दोन्ही मालांना पुस्तकात जागा दिलेली नाही. कच्चे तेल आणि कच्चे हिरे बाहेरून येतात आणि किमतीचा मोठा भाग त्यांच्याबरोबरच आलेला असतो. कौशल्य आहेच, पण निर्यातीचे एकूण मूल्य पाहून होणारा समज आणि प्रत्यक्ष देशात राहणारी कमाई यांत अंतर पडते. सॉफ्टवेअरलाही इथे हात लावलेला नाही. त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः श्रीमंत देशांत आहे.

मग उरते काय? उरतो तो माल पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जो माल गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षानुवर्षे टिकून विकला गेला, तो मुळात परदेशासाठी घडलाच नव्हता. हातात मोजके पैसे, खराब रस्ते, बेभरवशाची वीज, जवळपास डॉक्टर नाही आणि वस्तू बिघडली तर नवी घ्यायची ऐपत नाही, अशा इथल्या माणसासाठी तो घडला. तशी माणसे जगात फार आहेत. भारताची निर्यातक्षमता सांगताना स्वस्त मजुरीचा उल्लेख हमखास होतो. मला ते अर्धवट वाटते. मजुरी तर इतर कितीतरी देशांत स्वस्त आहे. गरीब गिऱ्हाइकासाठी वस्तू कशी घडवायची याचा सराव इथे दोन पिढ्या झाला, हे जास्त महत्त्वाचे.

औषधांची गोष्ट याच सरावाची आहे, म्हणून तिला पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे. स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा चालू होता आणि औषधांच्या बाजारावर परदेशी कंपन्यांची पकड होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये दिलेल्या अहवालातून पुढे १९७० चा पेटंट कायदा आला. त्यात औषध या वस्तूला पेटंट नव्हते, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेला होते, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. तीच गोळी वेगळ्या मार्गाने बनवता आली तर बनवा, असा त्याचा अर्थ. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या सरकारी कारखान्यांनी आणि देशभरच्या प्रयोगशाळांनी तोवर रसायनशास्त्रज्ञांची एक फळी उभी केली होती. या फळीने पुढची तीस वर्षे वेगळे मार्ग शोधण्यातच घालवली. हेतू देशातल्या रुग्णाला परवडणारे औषध मिळावे हा होता. निर्यात त्यामागून आली.

ती कशी आली याचे सर्वांत ठळक उदाहरण फेब्रुवारी २००१ चे. एचआयव्हीवर तीन औषधे एकत्र घ्यावी लागत. पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता. सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तोच उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला डॉलरपेक्षा कमी दराने, देऊ केला. त्या वर्षी सिप्लाने ही तिन्ही औषधे एकाच गोळीत आणली. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरॅपीन यांची मालकी तीन वेगवेगळ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे होती. श्रीमंत देशांत त्यांची एक गोळी करायची तर तिघांचे आधी जमायला हवे होते. भारतात वस्तूला पेटंटच नसल्याने तो प्रश्न उद्भवत नव्हता. सकाळी एक, रात्री एक, एवढा सोपा डोस जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो अशा गावात फार मोलाचा ठरतो. त्याच सुमारास ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध स्वस्त औषधांच्या कायद्यावरून खटला लावला होता. एप्रिल २००१ मध्ये तो त्यांना मागे घ्यावा लागला. नोव्हेंबरमध्ये दोह्यात जागतिक व्यापार संघटनेने सार्वजनिक आरोग्याला पेटंटापुढे झुकते माप देणारा जाहीरनामा काढला.

२००५ पासून भारतात औषधांना पुन्हा वस्तू-पेटंट लागू झाले. तरी कायद्यातल्या कलम ३(ड) मुळे जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळवणे अवघड आहे, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. आज औषधांची निर्यात वर्षाला ३० अब्ज डॉलरच्या घरात आहे. सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच आहे, हेही नोंदवायला हवे. गोळ्यांसाठी लागणाऱ्या मूळ द्रव्यांपैकी बरीच चीनमधून येतात, त्याची चर्चा आतल्या पानांत आहे.

या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग लिहिताना कुणाला आनंद होणार नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातल्या बालकांच्या मृत्यूंच्या संदर्भात हरियाणात बनलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला. सुमारे ७० मुले दगावली होती. काही महिन्यांतच उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली. त्यानंतर, जून २०२३ पासून, खोकल्याची औषधे निर्यातीपूर्वी सरकारी प्रयोगशाळेतून तपासून घेणे सक्तीचे झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने दाखवले, की महाराष्ट्रातल्याच एका कारखान्यातून टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचे व्यसन लावणारे मिश्रण पश्चिम आफ्रिकेत जात होते. सरकारने त्या मिश्रणाच्या निर्मितीवर आणि निर्यातीवर तत्काळ बंदी घातली. प्रश्न असा, की अमेरिकेला जाणाऱ्या मालासाठी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक इथे येऊन कारखाने तपासतात. गांबियाकडे तसे मनुष्यबळ नाही. जिथे गिऱ्हाईक तपासू शकत नाही तिथे विक्रेत्याच्या देशाने तपासायचे असते. ते आपण मृत्यूंनंतर केले. २००१ मध्ये कमावलेली पत याच खात्यातून खर्च होते, आणि निर्यात प्रोत्साहनाच्या एकाही पत्रकात हा खर्च दिसत नाही.

मोटरसायकलीची गोष्ट त्या मानाने हलकी आहे. बजाजची बॉक्सर १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे आली. पुढे भारतीय गिऱ्हाइकाला चकचकीत गाड्या हव्याशा झाल्या आणि बॉक्सर मागे पडली. आफ्रिकेत मात्र तिला दुसरा जन्म मिळाला. तिथे मोटरसायकल हे बहुधा भाड्याचे वाहन असते. नायजेरियात ओकाडा, युगांडा-केनियात बोडा-बोडा. चालवणारा तरुण गाडी हप्त्यावर घेतो, दिवसभर माणसे, केळीचे घड, पाण्याचे कॅन, कधी शेळीसुद्धा वाहतो आणि संध्याकाळी मालकाचा किंवा सावकाराचा हप्ता काढतो. गाडी एक दिवस बंद तर त्या दिवसाचा चहा नाही. त्याला वेग नको असतो. त्याला लांब सीट, भक्कम शॉक अॅब्सॉर्बर, कमी पेट्रोल आणि कोणत्याही टपरीवर मिळणारे सुटे भाग हवे असतात. आधी हा बाजार चिनी गाड्यांनी भरला होता. त्या स्वस्त होत्या, पण त्यांच्या नावांची गर्दी इतकी, की आज घेतलेल्या गाडीचा क्लचप्लेट वर्षाने मिळेल याची खात्री नसे. बजाजने आणि पाठोपाठ टीव्हीएसने गाड्या सुट्या भागांत पेट्या भरून पाठवल्या, तिथे जोडल्या, आणि मेकॅनिक तयार केले. पुण्या-मुंबईत बसून ‘ब्रँड’ घडवण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी लागोसच्या मेकॅनिकचा विचार करावा. ब्रँड त्याच्या हातात असतो.

कोलंबियात पल्सर, पेरूत तीनचाकी मोटोटॅक्सी, इजिप्तमध्ये टुकटुक. प्रत्येक ठिकाणचे गिऱ्हाईक वेगळे आहे आणि प्रत्येक ठिकाणची जोखीमही. इजिप्तने २०२१ च्या अखेरीस टुकटुकच्या सुट्या भागांची आयात बंद केली. लागोसने आधी मुख्य रस्त्यांवरून आणि मग मोठ्या भागातून ओकाडा हटवल्या. श्रीलंकेने डॉलर संपले म्हणून २०२० पासून काही वर्षे वाहनांची आयातच थांबवली. सर्वांत मोठा धक्का नायजेरियाचा होता. जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारने नायरा हे चलन मोकळे सोडले. तेव्हा डॉलरला ४६०-४७० नायरा पडत होते. २०२४ च्या सुरुवातीला ते १,५०० च्या आसपास गेले. गाडी तीच, गिऱ्हाईक तेच, गरजही तीच. फक्त तिची किंमत त्याच्या पैशात दुपटीने-तिपटीने वाढली. त्या वर्षी चाकण आणि वाळूजमध्ये निर्यातीच्या लाइनवर काय परिणाम झाला हे तिथल्या पुरवठादार लघुउद्योजकांना विचारावे. भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये बुश आणि ब्रॅकेट बनवणारा माणूस नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या निर्णयाशी बांधला गेलेला असतो आणि ते त्याला बहुधा ऑर्डर कमी झाल्यावर कळते.

पैशाच्या या प्रश्नावर मराठीत फारच कमी लिहिले गेले आहे. माल विकणे सोपे, पैसे वसूल होणे कठीण, हे निर्यात करणाऱ्या कोणालाही विचारा. ज्या देशाकडे डॉलरची चणचण आहे तिथल्या बँकेचे पतपत्र कागदावर भक्कम असते आणि प्रत्यक्षात सहा महिने रखडते. १९५७ मध्ये स्थापन झालेली, आज ईसीजीसी म्हणून ओळखली जाणारी मुंबईची सरकारी संस्था अशा बुडीताचा विमा उतरवते. १९८२ ची एक्झिम बँक परदेशी सरकारांना कर्ज देते, या अटीवर, की त्यातून बहुतांशी भारतीय माल घ्यावा. रुपयात व्यवहार करण्याची कल्पना तर अधूनमधून डोके वर काढतेच. तिला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत रुपया हेच चलन होते. सोव्हिएत संघाशी आपला व्यापार १९५० च्या दशकापासून रुपयात चाले. चहा, चामडे, औषधे, तयार कपडे, जे देऊ ते खपे. ती व्यवस्था सोयीची होती पण तिने सवयी बिघडवल्या. गिऱ्हाइकाला पर्याय नसला की विक्रेता सुस्तावतो. १९९१ मध्ये तो देशच राहिला नाही आणि रुपयाच्या बाजारावर पोसलेल्या कारखानदारांची धांदल उडाली.

२०२२ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यवहार मिटवण्याची नवी सोय केली. रशियाचे तेल तोवर येऊ लागले होते. मे २०२३ मध्ये गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा रशियाचे लावरोव्ह यांनी उघडच सांगितले, की भारतीय बँकांमध्ये आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता यायला हवेत. त्यांची अडचण खरी होती. २०२४-२५ मध्ये आपण रशियाकडून ६० अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल घेतला आणि विकला पाच अब्जांच्याही आत. घेण्यासारखे काही आपल्याकडे नसेल, किंवा असून पोचत नसेल, तर चलन कोणतेही असो, हिशेब लटकतो.

आता शेतमालाकडे वळतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला या पुस्तकातला हा भाग सर्वांत जवळचा वाटेल आणि सर्वांत जास्त चीडही आणेल.

कांद्याचे गिऱ्हाईक बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती. सगळे आपल्या बोटभर अंतरावरचे, सगळ्यांना आपला तिखट लाल कांदा आवडतो. आणि या सगळ्यांना आपण वारंवार वाऱ्यावर सोडले. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण बंदी. ती उठली मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुका चालू असताना, टनामागे ५५० डॉलरच्या किमान निर्यातमूल्याचे आणि ४० टक्के शुल्काचे ओझे ठेवून. त्याआधी एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वेगळी परवानगी मिळाली तेव्हा नाशिक जिल्ह्यात काय बोलले गेले ते इथे छापता येणार नाही. शुल्क पूर्ण गेले ते एप्रिल २०२५ मध्ये.

२०१९ च्या बंदीनंतर आठवडाभरातच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या सभेत त्या हिंदीत हसत म्हणाल्या, की तुम्ही कांदा का बंद केलात कळत नाही, मी आमच्या आचाऱ्याला बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितले आहे. पुढच्या वेळी आधी कळवलेत तर बरे होईल. सभागृह हसले. ढाक्याने मात्र हसण्यावर नेले नाही. त्यांनी पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा आणला आणि घरचे पीक वाढवायला घेतले. दुसरीकडे, आपल्या संत्र्यावरचा तिथला आयातकर २०१९ मध्ये किलोला २० टका होता तो २०२३ पर्यंत ८८ टका झाला. वरूड-मोर्शीच्या बागायतदाराच्या दृष्टीने बांगलादेश हेच परदेशातले मुख्य गिऱ्हाईक. कांद्याचा राग संत्र्यावर निघाला, असे विदर्भातले शेतकरी म्हणतात. ढाक्याने तसे कधी म्हटलेले नाही. पण शेजाऱ्याने असे समजावे इतके निमित्त आपण दिले, हे नाकारता येत नाही.

तांदळात आपले वजन याहून कितीतरी जास्त. जगात जेवढा तांदूळ देशोदेशी विकला जातो त्यातला सुमारे ४० टक्के भारताचा असतो. पश्चिम आफ्रिका यावर जगते असे म्हटले तरी चालेल. बेनिन, टोगो, आयव्हरी कोस्ट उकडा तांदूळ घेतात, तर सेनेगल कणी घेते. सेनेगलला कणीची आवड फ्रेंचांनी लावली. त्यांच्या ताब्यातल्या व्हिएतनाममधून उरलीसुरली कणी डाकारला उतरवली जाई आणि तिच्यावर तिथली पाककला उभी राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण कणीची निर्यात बंद केली. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. ऑगस्टपर्यंत थायलंड-व्हिएतनामचे भाव १५ वर्षांतल्या उच्चांकाला गेले. मग सरकार-ते-सरकार मागणीवर थोडा थोडा तांदूळ सोडण्याची पद्धत सुरू झाली. ज्या देशांना आपण जागतिक मंचावर ‘ग्लोबल साउथ’ म्हणून जवळ करतो त्यांनी तांदळासाठी अर्ज करून थांबायचे, असे ते चित्र. तेच वर्ष आपल्या जी-२० अध्यक्षपदाचे होते.

बंदीच्या बाजूने बोलायला मुद्दे आहेत. पाऊस कमी झालेला असतो, शहरात भाव चढलेले असतात, आणि ८० कोटी लोकांना धान्य पुरवण्याची जबाबदारी सरकारवर असते. मला आक्षेप घ्यायचा आहे तो अचानकपणावर. न्हावा शेव्याला कंटेनर लागलेला असताना, रात्री निघालेल्या अधिसूचनेने तो तिथेच अडकवणे याला धोरण म्हणत नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली तेव्हा आपल्याकडे किती गहजब झाला होता! आपण गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. इंडोनेशियाने तीन-साडेतीन आठवड्यांत बंदी उठवली. त्या दिवसांत फरसाणवाल्यापासून खानावळवाल्यापर्यंत प्रत्येकाला जे वाटले, तेच लासलगावच्या बंदीत चितगावच्या व्यापाऱ्याला वाटते. आपल्या वाणिज्य खात्यात निर्यात आणि आयात पाहणारी माणसे वेगळी बसतात, एवढ्याने या दोन अनुभवांची भेट होऊ नये हे आश्चर्य आहे.

आयातीच्या बाजूला दोन पिके पुस्तकात मुद्दाम घेतली आहेत. काजू हे एक. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या काजू कारखान्यांत गावच्या बीबरोबर बेनिन, टांझानिया, आयव्हरी कोस्टची बीही फुटते. स्थानिक बी वर्षभर पुरत नाही. आता आफ्रिकेतले देश म्हणू लागले आहेत, की बी विकण्यापेक्षा गर विकू. आयव्हरी कोस्टने त्यासाठी कारखाने उभारायला प्रोत्साहन दिले आहे. आपण १९७० मध्ये औषधांबाबत जे केले त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे, आणि वेंगुर्ल्याच्या कारखानदाराला ते आवडणार नाही. दुसरे पीक तूर. मोझांबिकशी २०१६ मध्ये करार झाला : वर्षाला दोन लाख टनांपर्यंत तूर आपण घेऊ. तिथला शेतकरी स्वतः तूर फारशी खात नाही. भारत घेतो म्हणून ती पिकते. २०२१ पासून तूर आयातीवरचे बंधन उठले आणि लातूर-अकोल्यात भाव पडले की मोझांबिकचे नाव शिवीसारखे घेतले जाऊ लागले. ती तूर पेरणारा माणूस औशाच्या शेतकऱ्याइतकाच अल्पभूधारक आहे. दोघांचे हितसंबंध इथे उघडउघड एकमेकांविरुद्ध जातात, आणि हा विरोध गोड शब्दांनी मिटवण्याचा प्रयत्न पुस्तकात केलेला नाही.

व्यापार करारांचे प्रकरण छोटे आहे. आसियानशी २०१०, मर्कोसूर या दक्षिण अमेरिकी गटाशी २००९ चा मर्यादित करार, मॉरिशसशी २०२१, अमिरातीशी २०२२, आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आरसेप या प्रादेशिक व्यापार कराराच्या दारातून माघार, एवढा त्याचा पल्ला. करारांनी कर उतरतात. सुटे भाग वेळेवर पोचणे, निर्यातबंदी आधी कळणे, औषधात विष नसणे, या गोष्टी कोणत्याही करारात लिहिलेल्या नसतात, म्हणून पाने तिकडे जास्त खर्च झाली आहेत.

वाचकाला एक सूचना. शेवटच्या प्रकरणात सेनेगल पुन्हा येते. तिथे एक्झिम बँकेच्या कर्जावर किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप गेले, म्हणजे ज्या कंपनीचा जुना कारखाना सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत आहे तिचे. सेनेगल नदीच्या खोऱ्यात त्या पंपांनी भाताखालचे क्षेत्र भिजवले, आणि घरचा तांदूळ वाढावा हा सेनेगल सरकारचा हेतू लपलेला नव्हता. तो जसजसा वाढेल तसतशी काकीनाड्याच्या बंदरातून जाणारी कणी कमी लागेल. भारतीय पंप आणि भारतीय तांदूळ एकाच शेतात एकमेकांसमोर उभे आहेत. वाणिज्य मंत्रालयाच्या तक्त्यात दोन्हींची नोंद निर्यात म्हणून, वेगवेगळ्या पानांवर, होते. काकीनाड्याचा तांदूळ निर्यातदार आणि पंप बनवणारा कारखानदार यांना या व्यवहाराबद्दल काय वाटते ते त्या प्रकरणात आहे. दोघांची मते जुळत नाहीत, आणि कोणाचे बरोबर हे सेनेगलच्या पुढच्या काही हंगामांवर अवलंबून आहे.